ड्रायरला वेळ जास्त लागायला लागला तेव्हा

आई अंथरुणाला खिळली आणि आमच्या घरात कपडे वाळवायचा ड्रायर आला. रोज दोन चादरी, तीन-चार टॉवेल, तिचे गाऊन. दोरीवर जाड कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहायचे, त्यांना कुबट वास यायचा. तिच्या पाठीला जरासाही दमटपणा चालणार नव्हता, कारण एकदा कातडी फुटली की बरी व्हायला किती दिवस जातात ते मी पाहिलं होतं. बसवायला आलेल्या माणसाने मशीन भिंतीला टेकवलं, चार बटणं दाखवली आणि तो गेला. माहितीपुस्तिका कपाटात गेली.

सुरुवातीचे महिने सुरळीत गेले. तासाभरात चादरी वाळायच्या. मग सव्वा तास लागायला लागला, मग दीड. वापरून वापरून मशीन थकलं असेल असं वाटून मी तापमान एका खुणेने वाढवलं. काही दिवस बरे गेले. पुढे दोन तास फिरूनही चादरीचे कोपरे ओलेच राहायला लागले. एका दुपारी दार उघडलं तर वरचा टॉवेल हातात धरवेना इतका तापलेला, त्याच्या खालचा मात्र दमट, आणि मशीनच्या मागून काहीतरी करपल्यासारखा वास. मी प्लग काढला आणि आधी आईच्या खोलीचं दार लावून घेतलं.

त्या रात्री माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. इतके दिवस मी समजत होते की ड्रायर कपडे तापवतो म्हणून ते वाळतात. तापवणं हे अर्धंच काम. कपड्यातल्या पाण्याची वाफ झाली की ती उचलून बाहेर नेणारी हवा लागते. हवा वाहायची थांबली की वाफ ड्रममध्येच घुटमळते, कपडे ओले राहतात आणि आतली उष्णता साचत जाते. मी नेमक्या अशा वेळी तापमान वाढवत होते. वेळ वाढणं हीच त्या मशीनची तक्रार होती. ती मला पहिल्या सव्वा तासालाच ऐकू यायला हवी होती.

सकाळी शेजारच्यांच्या मदतीने मशीन पुढे ओढलं. आमचा ड्रायर दमट हवा नळीवाटे बाहेर सोडणारा. ती नळी म्हणजे चांदीच्या कागदासारखी, घड्या पडणारी, आणि ती मशीन व भिंत यांच्यामध्ये चेपून पार सपाट झाली होती. सोडवली तर आतून राखाडी गादीच निघाली. कपड्यांवरून सुटणारी बारीक लव, म्हणजे लिंट, दमट हवेबरोबर येऊन प्रत्येक घडीत बसली होती आणि दाबून नमद्यासारखी घट्ट झाली होती. आईच्या निळ्या चादरीचे धागे त्यात ओळखू येत होते. वरचा थर हाताला कोरडा लागला, बोटात चुरला. तो कापूसच, एका ठिणगीने पेटणारा. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला होता: घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण म्हणजे साफसफाई न करणं. तो आकडा वाचला तेव्हा ती गादी माझ्यासमोर वर्तमानपत्रावर पडलेली होती.

ती नळी फेकून दिली. तिच्या जागी धातूची, आतून गुळगुळीत, कडक नळी बसवून घेतली. होता होईल तेवढी आखूड, आणि वळणं कमीत कमी, कारण प्रत्येक वळणावर हवा मंदावते आणि लव साचते. सांधे धातूच्या चिकटपट्टीने बंद केले. आत टोक निघणारे स्क्रू नको म्हणून सांगितलं, लव त्या टोकांनाच आधी अडकते. मशीन आणि भिंत यांच्यात नळी चेपणार नाही एवढी जागा सोडली. खोलीचं दारही आता किलकिलं ठेवते. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला नको का?

त्याच चादरी, तेच टॉवेल, तापमान पुन्हा पहिल्या खुणेवर. पंचावन्न मिनिटं.

मशीनमधली लव अडवणारी जाळी मी आधीही साफ करायचे, पण रोज नाही. आता प्रत्येक वेळी, कपडे काढल्या काढल्या. बोट फिरवलं की लवेची चटई एका तुकड्यात सुटून येते. पण जाळी दिसायला स्वच्छ असली तरी मोकळी असतेच असं नाही, हे मला ती नळाखाली धरल्यावर कळलं. पाणी आरपार पडायला हवं होतं, ते जाळीवर तळं करून बसलं. कपडे मऊ राहावेत म्हणून मी सुगंधी कागद टाकायचे, त्यांचा मेणचट पापुद्रा जाळीवर बसला होता. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने घासली, पूर्ण वाळू दिली, मगच परत लावली.

तोच पापुद्रा ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्यांवरही होता. ओला कपडा त्या पट्ट्यांना लागला की दोन्हींमधून बारीकसा विद्युतप्रवाह जातो, कोरडा लागला की जात नाही. मशीन त्यावरून कपडे वाळले की नाही ते ओळखतं. पट्ट्यांवर थर बसला की ओले कपडेही त्याला कोरडे वाटतात आणि ते अर्ध्यातच थांबतं. ओल्या फडक्याला थोडं व्हिनेगर लावून पट्ट्या पुसल्या. सुगंधी कागद बंद केले.

विजेचा हिशेब लावायला मी सामान तोलायचा ताणकाटा वापरला. कोरडे पाच किलो कपडे वॉशिंग मशीनमधून मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या स्पिनवर काढले तर साडेआठ किलो भरले, १४०० वर काढले तर साडेसात. म्हणजे एक लिटर पाणी कमी. आमच्यासारख्या, हवा बाहेर सोडणाऱ्या मशीनमध्ये एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान दोन-तृतीयांश युनिटच्या आसपास वीज उष्णतेतच जाते. तेच पाणी स्पिनमध्ये पिळून काढायला त्याच्या मानाने नगण्य वीज लागते. त्यामुळे चादरी आणि टॉवेल आता सर्वांत जोरात पिळूनच ड्रायरमध्ये जातात. आईचे पातळ गाऊन मात्र हलक्या स्पिनवर आणि कमी तापमानावर. कपड्याच्या पट्टीवर चौकोनात गोल आणि गोलात एक ठिपका असेल तर तापमान कमी ठेवायचं, दोन ठिपके असतील तर नेहमीचं, आणि चिन्हावर फुली असेल तर तो कपडा ड्रायरमध्ये घालायचाच नाही.

जाड आणि पातळ कपडे एकत्र टाकणंही सोडलं. गाऊन वाळून खडखडीत व्हायचे, टॉवेल ओले म्हणून मशीन फिरतच राहायचं, आणि गाऊनांचा कपडा विरत जायचा. चादर आत टाकण्याआधी झटकून मोकळी करते, नाहीतर तिचा बोळा होतो आणि बोळ्याच्या पोटात अभ्रे ओलेच राहतात. ड्रम गच्च भरत नाही, कपड्यांना वरून खाली पडायला जागा लागते.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. आईच्या पायांना मी रोज तेल लावते. तेल टिपलेले टॉवेल धुऊन ड्रायरमध्ये टाकायचे आणि गरम गरम घडी करून कपाटात रचायचे, अशी माझी पद्धत होती. धुतल्यावर तेल गेलं असं मी धरून चाललेले. ते पूर्ण जात नाही. वनस्पती तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निर्माण होते. टॉवेल पसरलेला असेल तर ती निघून जाते. पण ड्रायरमधून तापून आलेल्या, घट्ट रचलेल्या घड्यांच्या मधोमध ती कोंडते, तिच्यामुळे संयोग आणखी वेगाने होतो, आणि काही तासांनी ढीग आपोआप पेटू शकतो. ठिणगी नको, काडी नको. माझं ते कपाट आईच्या पलंगापासून चार पावलांवर होतं.

तेलाचे टॉवेल आता वेगळे आहेत, कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा टाका घातलेले. ते दोरीवरच वाळतात, मग दोन दिवस लागोत. दुसरा कुठलाही टॉवेल धुतल्यावर नाकाशी धरते, तेलाचा वास आला की तो दोरीवर. पेट्रोल, थिनर, मेण लागलेल्या फडक्यांनाही हाच नियम. गादीवरची रबरी चादर आणि फोमची उशी ड्रायरमध्ये चालत नाही, रबर आणि फोम तापून पेट घेऊ शकतात. मी उशी दोनदा टाकली होती, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

शेवटची काही मिनिटं मशीन गरम हवा बंद करून नुसतंच फिरतं. घाईत मी तेवढी मिनिटं कापायचे. ती कपडे थंड व्हायला असतात, तापलेला ढीग तसाच राहू नये म्हणून. आता ती पूर्ण होऊ देते. मध्येच वीज गेली किंवा मशीन बंद करावं लागलं तर कपडे आत सोडत नाही, लगेच काढून पलंगावर सुटे पसरते. रात्री मशीन लावून झोपणं बंद, घरात जागं कुणी नसेल तर लावणंच नाही. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटला, एक्स्टेंशन बोर्ड नाही. खिसे तपासायचे, लायटर किंवा बॅटरी राहिली तर ती आत तापते. भाची घरी असते तेव्हा दार लावण्याआधी ड्रममध्ये डोकावून बघते.

परवा धाकट्या भावाने फोन केला, "ताई, मी कुठला घेऊ?" मी त्याला हीट पंपाचा घे म्हटलं. तो दमट हवा बाहेर सोडत नाही. तीच हवा थंड करून तिच्यातलं पाणी टाकीत साठवतो आणि तीच उष्णता पुन्हा वापरतो, म्हणून वीज निम्म्याच्या आसपास लागते. वेळ जास्त घेतो, पण तापमान कमी असल्याने कपडे टिकतात. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून नव्याने बाजारात येणारे ड्रायर याच प्रकारचे असावे लागतात. नळी नसली तरी काळजी सुटत नाही, टाकी रिकामी करावी लागते आणि जाळ्या तशाच साफ कराव्या लागतात. "आणि घरी आणल्यावर उभाच ठेव, काही तास थांब, मग लाव," एवढं बजावलं.

आमच्या मशीनवर मी एक कागद चिकटवला आहे. चादरी ५५, टॉवेल ७०, गाऊन ३५. गेल्या आठवड्यात चादरींना बहात्तर मिनिटं लागली. तापमानाच्या बटणाला हात न लावता मी बाहेर गेले. भिंतीबाहेरची झडप मशीन चालू असताना हवेने उघडी राहायला हवी, ती जेमतेम बोटभर हलत होती. आत कुठल्याशा पाखराने काड्या आणून ठेवल्या होत्या, अंडी अजून नव्हती. मशीन थांबवून काड्या काढल्या, झडप पुसली, बोटाने दोन-तीनदा वर-खाली करून पाहिली. पुढच्या चादरी छप्पन्न मिनिटांत झाल्या. थंड झाल्यावर एक आईच्या गादीवर घातली, कोपरे चारही हाताने चाचपून.