एल्बोच्या वळणात राहिलेली टेप

आमच्या होमबिल्ट, म्हणजे स्वतःच बांधत असलेल्या, विमानाचा इनटेक एल्बो, म्हणजे फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप जिच्यात असते) हवा नेणारी वाकडी नळी, त्या दिवशी तिसऱ्यांदा बनवून झाली होती. आधीच्या दोन्हीत रेझिन, म्हणजे कापडाला लावायचं, सुकून कडक होणारं चिकट द्रव, जास्त झालं, नुसतं वजन वाढलं.

या वेळी सगळं जमलं होतं. पॉलिस्टायरीन फोम घासून आतला आकार काढला, रेझिन फोमला चिकटू नये म्हणून वर पॅकिंग टेप गुंडाळली आणि मग ग्लासचं (काचेच्या धाग्यांचं) कापड ४५ अंशात तिरकं कापून लावलं, तिरकं असलं की ते वळणावर छान बसतं. रेझिन इपॉक्सी जातीचंच, पॉलिस्टर रेझिन हा फोम खाऊन टाकतं. नीट सुकल्यावर ॲसिटोन ओतून फोम विरघळवला, आतली टेप ओढून काढली. भाग इतका सुरेख दिसत होता की लगेच इंजिनला लावून बघायची घाई झाली होती मला.

तरी सवयीने नाण्याने ठोकून पाहिलं. सगळीकडे टणटण, वळणाच्या आतल्या बाजूला मात्र एका जागी भद्द. थर सुटलेत वाटून बोट आत घातलं तर नखाला कड लागली. टॉर्च आणि छोटा आरसा धरला तर दोन बोटं रुंद टेपचा तुकडा! वळणावर टेपला चुणी पडलेली, रेझिन चुणीत शिरून तिची कड भिंतीत गाडली गेली, वरच्या कापडाखाली पोकळी राहिली, आणि मी ओढली तेव्हा टेप तिथेच तुटली. एक टोक मोकळं, फुंकर मारली की हलत होतं.

माझे हातपाय गार पडले. एल्बो फिल्टरच्या पुढे, तिथून सुटलेली वस्तू अडवायला मध्ये काहीच नाही, सरळ थ्रॉटलच्या झडपेवर. आणि सुटणार कधी, तर टेकऑफला, फुल थ्रॉटलवर, हवेची ओढ सगळ्यात जास्त असते तेव्हा.

मित्र म्हणाला, "अरे चिमट्याने ओढ ना, निघेल." निघालीही असती, पण पोकळी तशीच राहिली असती. मी एल्बोच करवतीने उभा चिरला.

चौथ्याला टेप लावलीच नाही, सरळ फोमवर इपॉक्सी, आतला खरखरीतपणा काठीला पॉलिशपेपर गुंडाळून काढला, अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. नाणं आता सगळीकडे सारखं वाजतंय. पोस्ट क्युअर, म्हणजे सुकलेला भाग पुन्हा तापवून पक्का करणं, तेवढं राहिलंय, इंजिन बंद केल्यावर काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) उष्णता कोंडते आणि नुसतं रूम टेंपरेचरला सुकलेलं इपॉक्सी तिथे मऊ पडू शकतं, म्हणून उद्या हीटरच्या डब्यात हळूहळू तापवायला ठेवतोय.