दादा, आता काय करायचं?

रात्रीचे दोन वाजलेत, डोळा लागत नाही. दूध नासलं. चूक माझी होती, ती सकाळीच साहेबांना सांगून टाकली. ते काय म्हणाले ते इथे नको. टोचतंय ते वेगळंच. चुकीचा व्हॉल्व्ह फिरवलाय हे कळल्यावर नंदूने विचारलं, "दादा, आता काय करायचं?" आणि मी त्याच्या हातातल्या टॉर्चकडे बघत राहिलो. तोंडातून शब्द फुटेना.

ज्याच्या हातून घात झाला त्यालाच कसं विचारतोस रे?

अकरावीत असताना मी ‘मीर’ या रशियन अंतराळस्थानकाची कात्रणं वहीत चिकटवायचो. संध्याकाळपासून त्याचा कमांडर वासिली त्सिब्लियेव डोळ्यासमोर आहे. 25 जून 1997. सात टनांचं मालवाहू यान त्याला स्थानकाला हाताने जोडायचं होतं. रडार बंद. समोर एक पडदा, त्यावर ढगांच्या पांढऱ्या पसाऱ्यात हरवलेलं ‘मीर’. यान वेगाने आलं आणि स्थानकाच्या ‘स्पेक्त्र’ या कक्षाला भोक पाडून गेलं. हवेचा दाब उतरू लागला. ‘स्पेक्त्र’च्या दारातून केबलींचे जुडगे गेलेले, त्यामुळे दार लागेना. त्याच्या सोबतच्या लाझुत्किनने आणि फोलने भराभर जोड सोडवले, काही केबली तर कापल्या, तेव्हा कुठे झाकण बसलं. पुढे वीज गेली. पंखेसुद्धा थांबले. त्या अंधारात स्थानक गरगरत होतं.

कमांडर मात्र तोच होता. बदली माणूस येणार कुठून?

त्याला काय वाटलं असेल, हेच पुन्हा पुन्हा मनात येतं. माझ्यासारखे हातपाय गार पडले असतील का? माझ्या पाठीशी कुणी नाही, असं दुपारभर मी घोकत होतो. त्याच्या पाठीशी तरी कोण होतं? खाली मॉस्कोत बोटं त्याच्याकडेच वळली. जुलैत त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले. पण हे नंतरचं.

त्या अंधारात फोलने खिडकीशी हात लांब करून अंगठा धरला आणि त्यामागून तारे किती वेगाने सरकतात यावरून स्थानकाच्या फिरण्याचा अंदाज बांधला. तो सांगेल तसं स्थानकाला जोडलेल्या ‘सोयुझ’ यानाची इंजिनं पेटवत सौरपंख उन्हाकडे वळवायचे होते. नियंत्रणावर त्सिब्लियेवच बसला. काही तासांपूर्वी टक्कर झाली तेव्हाही नियंत्रण त्याच्याच हातात होतं.

इथे मी बराच वेळ थांबलो. फोलचा अंगठा लहानपणापासून लक्षात होता, नियंत्रणावरचा हा हात कधी दिसलाच नव्हता.

बाबा असते तर... असो.

नंदूला माहीत होतं चूक कुणाची ते, तरी त्याने विचारलं. मग स्वतःच टँकरवाल्याला फोन लावला, आणि मी "थांब, मी बोलतो" एवढं म्हणालो. एवढंच. पण म्हणालो.

आता त्याचा मेसेज आलाय. व्हॉल्व्हना उद्या रंग देऊ या का, विचारतोय. लाल आण म्हटलं. ब्रश मी आणतो.