25 मायक्रॉनचं टोक: काच बदलली, सील जमलं

स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोपमध्ये एक बारीक इलेक्ट्रोड, म्हणजे टोक, नमुन्याच्या अगदी जवळून फिरवून तिथली रासायनिक घडामोड करंटमधून वाचतात. मी घरी बनवत असलेल्या अशा टोकाच्या तारेभोवतीची काच या महिन्यात बदलली. प्लॅटिनमची तार तीच, 25 मायक्रॉन व्यासाची; पण बोरोसिलिकेटऐवजी (प्रयोगशाळेतली उष्णता सोसणारी काच) साधी सोडा-लाइम नळी. कारण प्रसरणाचं. तापमान एका अंशाने वाढलं की प्लॅटिनम दहा लाखांत साधारण 9 भाग वाढतं, सोडा-लाइमही जवळपास तेवढीच. बोरोसिलिकेट मात्र 3.3. निवताना तार जास्त आकसते आणि काचेपासून सुटू पाहते. प्रयोगशाळांत बोरोसिलिकेट सर्रास चालतं, पण त्यांच्याकडे पुलर (काच तापवून ताणणारं यंत्र) असतो. जुन्या बल्बमध्ये काचेतून तार आत न्यायला प्लॅटिनमच वापरायचे, ते उगाच नाही.

सील करताना नळीचं एक तोंड बंद, दुसऱ्याला व्हॅक्यूम पंप, आणि नायक्रोमचं तापलेलं वेटोळं बंद टोकाकडून हळूहळू वर. भिंगाखाली बघा: काच तारेला चिकटलेली असेल तिथे तार करडी दिसते, हवा अडकली असेल तिथे आरशासारखी चकाकते. चकाकणारा भाग घासून टाकायचा. मग 600 आणि 1200 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी अ‍ॅल्युमिना 1, 0.3 आणि 0.05 मायक्रॉन. भोवतीची काचही निमुळती करायची, तिचा व्यास तारेच्या दहापटीच्या आत. नाहीतर नमुना जरा कलता असला की तार जवळ पोचण्याआधी काचेची कडाच टेकते.

चाचणी 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये 1 मिलिमोलर फेरोसायनाइड घेऊन. (त्यात तीव्र आम्ल चुकूनही नको, विषारी वायू सुटतो.) 4nFDca सूत्राने (n इलेक्ट्रॉनांची संख्या, F फॅरडे स्थिरांक, D विसरणाचा वेग, c संहती, a तारेची त्रिज्या) 3.1 नॅनोअँपिअर यायला हवेत, आले 3.3. व्होल्टेज वाढवत नेताना आणि परत आणताना आलेल्या करंटच्या रेषाही एकमेकींवर बसल्या. सील गळकं असतं तर त्या फाकल्या असत्या. एवढ्याशा करंटमध्ये घरातल्या 50 हर्ट्झची गुणगुण घुसतेच. सेल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा अर्थ केला की बरीच शांतता.

आता खरा नमुना, गंजणारं पोलाद. तिथे फेरोसायनाइड नको, गंजातून सुटणाऱ्या लोहाशी त्याचा साका होतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच वाचायचा: तो कमी भरेल ती जागा कॅथोड, म्हणजे गंजताना ऑक्सिजन खर्च होणारी. गंजाच्या खड्ड्यावरचं फेरस लोह (विरघळून सुटलेलं लोह) टोकाला +0.6 व्होल्ट देऊन पकडता येतं. रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅलन बार्ड यांच्या गटाने 1989 मध्ये टेक्सासात या मायक्रोस्कोपचं तंत्र मांडलं तेव्हा टोक हलवायला पिझो (व्होल्टेज दिलं की किंचित लांबणारे स्फटिक) होते. माझ्याकडे मायक्रोमीटरचा स्क्रू आहे. त्यामुळे सध्या नकाशा नाही, एका खड्ड्यावरून एकच रेघ.