ब्रह्मा घ्यायचीय, पण कोणत्या रंगाची?

ब्रह्मा ही कोंबड्यांची एक मोठी जात, आणि लाइट, डार्क, बफ हे तिचे रंग. लाइट घेऊ, डार्क घेऊ की बफ? आमच्या कोंबड्या बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो: डार्कची मादी एकदा हातात घेऊन बघा, मग ठरवा.

लांबून ती नुसती करडी दिसते. जवळ घ्या, पाठीवरचं एक पीस अंगठ्यानं उलगडा. रुपेरी पिसावर काळ्या बारीक रेघा दिसतील, पिसाच्याच आकाराच्या, एकात एक बसवलेल्या, जणू कुणी टाकानं ओढल्यात. तिचा कोंबडा मात्र अगदी निराळा: छाती काळी कुळकुळीत, मान आणि पाठ चांदीची. नवख्याला या दोन वेगळ्या जाती वाटतात. त्या रेघा कोंबड्याच्या अंगावर उमटत नाहीत, पण लेकींमध्ये उतरतात. म्हणून डार्क कोंबडा विकत घेताना त्याची आई आणि बहिणी दाखवा म्हणून हट्ट धरा. तो स्वतः कितीही देखणा असला तरी त्यावरून काही कळत नाही.

लाइटमध्ये ही भानगड नाही. अंग पांढरं, शेपूट काळी, मानेवरची पिसं काळी आणि त्यांना पांढरी कड, नर-मादी सारखेच. बफ म्हणजे तीच नक्षी, फक्त पांढऱ्याच्या जागी सोनेरी. चांदी की सोनं हे एकच जनुक ठरवतं, आणि कोंबडी आपलं ते जनुक फक्त मुलांना देते, मुलींना नाही. त्यामुळे बफ कोंबडा आणि लाइट कोंबडी यांची जोडी लावली, तर पिल्लू अंड्यातून बाहेर येताच ओळखता येतं: फिकट तो नर, सोनेरी ती मादी. मला हे आजही विलक्षण वाटतं. अर्थात शुद्ध रंग राखायचा असेल तर अशी जोडी लावू नका.

नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी ही जात घडली अमेरिकेत, 1840च्या दशकात शांघायहून गेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून. 1852 साली तिथले कोंबडीपालक जॉर्ज बर्नम यांनी त्यातल्या नऊ कोंबड्या व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवल्या आणि इंग्लंडमध्ये त्यांचं वेड पसरलं. डार्कचं आजचं रूप बरंचसं तिकडच्या पैदासकारांनी घडवलं. अमेरिकेच्या प्रमाण-पुस्तकात, म्हणजे प्रत्येक जातीचं रूप आणि वजन कसं असावं हे ठरवणाऱ्या पुस्तकात, लाइट आणि डार्क 1874 पासून आहेत. बफला 1924 पर्यंत थांबावं लागलं.

स्वभावाचं विचाराल, तर रंगानं फरक पडत नाही. तिन्ही शांत, पोरांनी उचलून फिरवलं तरी तक्रार नाही. वजनात थोडा फरक आहे: प्रमाणानुसार लाइटचा कोंबडा साडेपाच किलोच्या आसपास, डार्कचा पाचच्या. अंडी तपकिरी, पण तलंग, म्हणजे अजून अंडी न दिलेली तरुण कोंबडी, अंड्यावर यायला उशीर लावते. सहा-सात महिने धीर धरा.

रंगापेक्षा जास्त काळजी हवेची करा. एवढ्या दाट पिसांना आपला एप्रिल-मे सोसत नाही. दाट सावली आणि गार पाणी दिवसभर हवंच. उन्हानं लाइटची पांढरी पिसं पिवळट पडतात, बफ विटतो. पावसाळ्यात पायांवरच्या पिसांना चिखल धरतो, म्हणून खाली कोरडा भुसा हवा. घ्यायचीच तर दिवाळीनंतर घ्या, म्हणजे उन्हाळ्याआधी तिला तुमच्याकडे रुळायला वेळ मिळेल.