लाल खुर्चीपर्यंत: कूपरस्टाउन आणि बॉस्टनची पाच दिवसांची फेरी

मामा दादरहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. वय वर्षं ७६, आणि त्यातली साठेक वर्षं क्रिकेट पाहण्यात गेलेली. ब्रेबर्नवर त्यांनी वाडेकर आणि इंजिनियर पाहिले, वानखेडेवर गावसकर आणि सचिन. मी गेली सोळा वर्षं बेसबॉलच्या नादी लागलेला. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "तुमच्या खेळात सगळ्यांत मोठा कोण?" मी म्हटलं, "मामा, ते घरी बसून सांगता येणार नाही, गाडी काढू या." त्यातून ही फेरी ठरली: रविवारी एडिसनहून निघायचं, सोमवारी कूपरस्टाउनचं हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचं संग्रहालय, मंगळवारी संध्याकाळी बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या फेनवे पार्कवर सामना, बुधवारी वूस्टर आणि गुरुवारी घरी.

कूपरस्टाउन म्हणजे न्यू यॉर्क राज्याच्या आतल्या भागात, ऑटसेगो तळ्याच्या काठी वसलेलं दोन हजारांहून कमी वस्तीचं गाव. रेल्वे नाही, स्वतःची गाडी हवीच. एडिसनहून आम्हाला वाटेत दोनदा थांबून पाच तास लागले, एरवी चारच्या आसपास लागतात. गावात गाडी लावायला जागा मिळवताना घाम निघतो. उन्हाळ्यात गावाबाहेर मोफत वाहनतळ असतात आणि तिथून ट्रॉली बस सुटते. थेट तिकडेच गाडी लावा. जुलैच्या अखेरीला नव्या खेळाडूंचा समावेश-सोहळा असतो. तो पाहायचा नसेल तर त्या आठवड्यात जाऊच नका, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाडं डोळे पांढरे करतं. खाण्याची सोय बेताची आहे. शाकाहारी असाल तर डबा बरोबर घ्या, आमच्या थालीपिठांनी दोन दिवस तारलं.

संग्रहालयाचं तिकीट तीस डॉलरच्या आसपास आहे आणि ज्येष्ठांना सवलत मिळते. या पैशांबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी उघडताना आत गेलो ते बंद होईपर्यंत आतच होतो. एक सल्ला मात्र देतो: बहुतेक लोक आधी तळमजल्यावरच्या, निवडलेल्या खेळाडूंच्या कांस्य पाट्यांच्या दालनाकडे धावतात. तसं करू नका. आधी वर जा, खेळाचा इतिहास सुरुवातीपासून बघत या आणि पाट्या शेवटी पाहा. तोवर त्या नावांमागची माणसं ओळखीची झालेली असतात.

मामा सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले ते रेड सॉक्सचा थोर बॅटर टेड विल्यम्स याच्या स्ट्राइक झोनपाशी. बॅटरच्या समोरच्या चौकोनात ओळीने चेंडू मांडलेत आणि प्रत्येकावर, चेंडू त्या जागी आला तर माझी सरासरी किती राहील, हा विल्यम्सचा स्वतःचा अंदाज. (बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे बॅटिंगच्या दर संधीमागे यशस्वी फटके किती, ते.) मधोमध ०.४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात ०.२३०. मामांनी खिशातून पेन काढलं आणि काचेपासून वीतभर अंतरावर ऑफ स्टंपबाहेरची रेघ हवेत ओढली. "हा सोडायचा चेंडू," ते म्हणाले. "सुनील हेच करायचा." बेसबॉल त्यांना तिथे समजला असं मला वाटतं. त्याआधी दोन दिवस मी नियम समजावत होतो, ते सगळं वाया गेलं होतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मामांचा प्रश्न. काळ वेगळे, मग तुलना कशी करायची? बेसबॉलवाल्यांनी यासाठी मोठी खटपट केली आहे. १९६८ साली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, इतके वरचढ झाले की बॉब गिब्सनने वर्षभरात दर नऊ इनिंगमागे (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून) १.१२ धावाच दिल्या आणि मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ सरासरीवर अव्वल ठरला. पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. म्हणजे १९६८चे आणि १९७०चे आकडे शेजारी ठेवून चालत नाही. बेब रूथने १९२७ साली ६० होम रन (आपल्या सिक्सरसारखे फटके) मारले तेव्हा हंगाम १५४ सामन्यांचा होता. १९६१ साली रॉजर मॅरिसने ६१ मारले तेव्हा तो १६२ सामन्यांचा झाला होता आणि त्यावरून लोक वर्षानुवर्षं भांडले.

यावर तोडगा म्हणून एक आकडा काढतात, ओपीएस प्लस. बॅटर किती वेळा बेसवर पोचतो आणि किती मोठे फटके मारतो, याची ती बेरीज. त्या वर्षाचा सरासरी बॅटर म्हणजे १००, मैदानांचा फरक वजा करायचा, आणि तुमचा खेळाडू त्याच्या किती वर ते पाहायचं. रूथचा कारकिर्दीचा आकडा २०६, विल्यम्सचा १९१, बॅरी बाँड्सचा १८२. मामांना हे फार पटलं. "म्हणजे आपल्या वर्गात पहिला कितीने आला ते बघायचं," ते म्हणाले. अगदी तसंच. ब्रॅडमनची ९९.९४ सरासरी आपण अशीच मोजतो, त्याच्या काळातल्या इतरांशी.

पण वर्गात बसायला कुणाला परवानगी होती? मला ही तुलना इथे अडते, आणि ती इथे अडलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. रूथच्या काळात मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, कारण त्यांना येऊच देत नव्हते. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन आला तोवर हेच चाललं. त्या १०० या सरासरीत निग्रो लीगमधले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधले, जॉश गिब्सन (वरचा बॉब गिब्सन वेगळा) आणि सॅचेल पेज नाहीत. २०२४ साली मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले आणि कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२ या आकड्यासह जॉश गिब्सन टाय कॉबच्या पुढे, पहिल्या जागी गेला. काही जण म्हणतात, त्या लीगचे हंगाम छोटे होते, तुलना योग्य नाही. मी उलट विचारतो: छोटे का होते? त्यांना मोठ्या हंगामात कुणी घेतलं नाही म्हणूनच ना? आकड्यांतली ही उणीव गिब्सनच्या माथी मारणं मला अन्याय वाटतो.

पाट्यांच्या दालनात मी मामांना विल्यम्सची गोष्ट सांगितली. १९६६ साली त्याला इथे घेतलं तेव्हा त्याने भाषणात स्वतःहून पेज आणि गिब्सन यांची नावं घेतली आणि संधी न मिळालेल्या या खेळाडूंनाही इथे कधीतरी जागा मिळो अशी इच्छा बोलून दाखवली. पेज १९७१ साली आला, गिब्सन १९७२ साली. गिब्सनच्या पाटीसमोर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपला पळवणकर बाळू." दलित समाजातला, पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता गोऱ्यांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारा बाळू, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा बाळू. चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचे आणि हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. तो संघात तरी होता, गिब्सनला तेही नाही. पण मामांना नेमकं काय आठवलं ते मला कळलं. जॅकी रॉबिन्सनची पाटी तुम्ही गेलात तर पूर्ण वाचा. १९६२च्या मूळ पाटीवर वर्णभेदाच्या भिंतीचा उल्लेखही नव्हता. २००८ साली ती बदलली.

मंगळवारी सकाळी बॉस्टनकडे. साडेचार तास. रस्ता चांगला आहे, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

तिकिटांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण सगळे तेच विचारतात. आजकाल किंमत ठरलेली नसते. २००९ साली सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने मागणीप्रमाणे रोज बदलणाऱ्या दरांचा प्रयोग सुरू केला आणि तो सगळीकडे पसरला. आम्ही घेतलेल्या ब्लीचर्सच्या जागा, म्हणजे मैदानाच्या पार मागच्या, छत नसलेल्या बाजूच्या, तीन आठवडे आधी ५८ डॉलरला होत्या. सोमवारी रात्री कूपरस्टाउनच्या खोलीत पाहिलं तर ३४. मंगळवारी दुपारी दोन वाजता वाटेतल्या थांब्यावर २७ला घेतल्या. त्याच विभागात यँकीजविरुद्धच्या शनिवारचा भाव १४० दिसत होता. म्हणून तारीख निवडता येत असेल तर सोमवार ते बुधवार बघा, मोठा प्रतिस्पर्धी टाळा आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचा धीर ठेवा. बरोबर लहान मुलं असतील, चार जागा शेजारी हव्या असतील, तर मात्र थांबू नका, आधीच घ्या.

चार वर्षांपूर्वी एका पुनर्विक्रीच्या साइटवर माझी चाळीस-चाळीसची दोन तिकिटं पैसे भरायच्या पानावर ११४ डॉलरची झाली होती. ते शुल्क शेवटच्या क्षणी दाखवायचे. १२ मे २०२५पासून अमेरिकेत केंद्रीय नियम आला आहे: पहिल्यांदा दाखवाल ती किंमत सर्व शुल्कांसकट दाखवा. शुल्क गेलेलं नाही, पण निदान दिसतं. विद्यार्थी असाल तर रेड सॉक्सची नऊ डॉलरची विद्यार्थी-तिकिटं असतात, त्यांच्या साइटवर नाव नोंदवून ठेवा.

लोक म्हणतात, खेळाडूंना एवढे पैसे देतात म्हणून तिकीट महाग. ओहतानीचा करार ७० कोटी डॉलरचा, सोटोचा ७६.५ कोटींचा, मग दुसरं काय होणार? मला हे पटत नाही. मंगळवारी आणि शनिवारी खेळाडू तेच असतात, पगार तोच असतो आणि तिकीट २७चं १४० होतं. लोक जेवढे देतील तेवढे घेतले जातात, पगार त्यातून नंतर निघतो. १८८२ साली अमेरिकन असोसिएशन नावाची लीग उभी राहिली ती नॅशनल लीगच्या ५० सेंटच्या तिकिटासमोर २५ सेंटचं तिकीट ठेवून. आजच्या हिशेबाने ते दहा डॉलरच्या आत बसतं. कामगारांना परवडावं म्हणून रविवारीही सामने ठेवले. रोजंदारीवरच्या बापाला मुलाला घेऊन येता येत नसेल, तर तो मुलगा हा खेळ पाहणार कुठे आणि खेळणार कधी? मला खेळाडूंच्या पगारापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

फेनवेला गाडी नेऊ नका. सामन्याच्या दिवशी आसपासच्या वाहनतळाचे दर आमच्या दोन तिकिटांहून जास्त होते. ग्रीन लाइनच्या बी, सी किंवा डी गाडीने केनमोर स्टेशनला उतरा, पुढे पाच-सात मिनिटं चालत. ई गाडी तिकडे जात नाही. तिकीट फोनवरच असतं, म्हणून फोन चार्ज करून न्या. आत रोख चालत नाही, कार्ड लागतं. पाठीवरची सॅक हॉटेलवर ठेवा.

मैदान १९१२ सालचं. पत्र्याच्या छताखालच्या ग्रँडस्टँडला आधाराचे खांब आहेत आणि त्यांच्यामागची जागा मिळाली तर अर्धा सामना खांबच दिसतो. 'दृश्य अडलेलं' असं तिकिटावर लिहिलेलं असेल तर ते खरंच मानायचं. उजव्या बाजूच्या पहिल्या सात-आठ विभागांतल्या खुर्च्यांचं तोंड बॅटरकडे नसून आउटफिल्डकडे आहे, तिथे मान अवघडते. ब्लीचर्समध्ये संध्याकाळी सूर्य समोरून येतो. टोपी हवीच.

दरवाजे सामन्याच्या दीड तास आधी उघडले आणि आम्ही थेट विभाग ४२ गाठला. तिथे ३७व्या रांगेत २१ नंबरची खुर्ची लाल आहे, भोवतालच्या सगळ्या हिरव्या. ९ जून १९४६ रोजी विल्यम्सचा ५०२ फुटांचा होम रन तिथे बसलेल्या माणसाच्या गवती हॅटवर आदळला होता. मामा पायऱ्या चढताना तीनदा थांबले. गुडघे दुखत असतील तर वरच्या रांगांची तिकिटं घेऊ नका, उद्वाहक तिथपर्यंत नाही. ती खुर्ची इतर खुर्च्यांसारखीच विकली जाते, पण मालक अजून आला नव्हता. मामा बसले. प्लास्टिक उन्हाने तापलेलं, २१ हा आकडा कडेला झिजलेला. खाली होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, नखाएवढी दिसत होती. मामा डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. "इथून मला चेंडू दिसणारही नाही रे," ते म्हणाले. "आणि याची पाच वर्षं युद्धात गेली म्हणतोस?" गेलीच: १९४३ ते ४५ आणि मग कोरियात ५२-५३चा बहुतेक काळ. "मर्चंटांसारखं," मामा म्हणाले. १९३६च्या दौऱ्यानंतर १९४६च्या दौऱ्यापर्यंत भारताने एकही कसोटी खेळली नाही आणि विजय मर्चंट सगळे मिळून दहाच कसोटी खेळले.

तिथे बसूनच मी त्यांना पलीकडचा कोपरा दाखवला. डावीकडची ३७ फूट उंचीची हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर. १६ एप्रिल १९४५ रोजी याच मैदानावर रेड सॉक्सने जॅकी रॉबिन्सनची चाचणी घेतली आणि त्याला घेतलं नाही. १९५९ साली पम्प्सी ग्रीन आला तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा हा मेजर लीगमधला शेवटचा संघ ठरला. विल्यम्स आणि रॉबिन्सन एका संघात खेळले असते. हे मला त्या मैदानात गेलं की दर वेळी टोचतं.

सामना दोन तास पस्तीस मिनिटांत संपला. २०२३पासून पिचरने ठरावीक वेळात चेंडू टाकावा म्हणून घड्याळ आलं आहे, त्यामुळे शाळेच्या मुलांनाही शेवटपर्यंत थांबता येतं. मला हा बदल मनापासून आवडला आहे.

बुधवारी सकाळी मैदानाची तासाभराची मार्गदर्शित फेरी घेतली. भिंतीवरच्या जागांपर्यंत नेतात. सामन्याचं तिकीट परवडत नसेल तर ही फेरी तरी चुकवू नका.

दुपारी वूस्टरला गेलो. फेनवेजवळच्या लॅन्सडाउन स्टेशनवरून थेट लोकल जाते आणि वूस्टरच्या युनियन स्टेशनपासून पोलर पार्क चालत थोडंसंच आहे. रेड सॉक्सचा एक पायरी खालचा संघ २०२१पासून इथे खेळतो. उद्या फेनवेवर दिसणारी मुलं आज इथे दिसतात. तिसऱ्या बेसच्या मागे, मैदानापासून आठव्या रांगेत, आमच्या दोन तिकिटांचे मिळून ३६ डॉलर झाले. पुढच्या ओळीत एक बाई तीन मुलांना घेऊन आल्या होत्या, घरून आणलेल्या चिप्स वाटत होत्या. सहाव्या इनिंगमध्ये फाउल चेंडू उडून आमच्या रांगेत आला, दोन खुर्च्यांवर आपटला आणि मामांच्या चपलेपाशी थांबला. त्यांनी तो उचलला, शिवण बोटांनी चाचपली, अंगठा आणि दोन बोटं ऑफ स्पिनच्या पकडीत ठेवून पाहिली, आणि पुढच्या ओळीतल्या सगळ्यांत धाकट्या मुलीच्या हातात दिला. परतीची शेवटची लोकल लवकर असते. वेळ आधी बघून ठेवा, आम्ही नववी इनिंग अर्धी सोडून पळालो.