तुम्ही विचारलंत म्हणून: चकती अजून घरातच का?

"अहो, ती पितळी चकती संग्रहालयाला देऊन का टाकत नाही?" निवृत्त सुभेदारांनी विचारलं, तालुक्याच्या पत्रकाराने विचारलं, इतिहास शिकवणाऱ्या व्याह्यांनी विचारलं. मुलगी तर पुण्याहून फोन करते तेव्हा आता नुसतं "चकती?" म्हणते आणि थांबते. प्रत्येकाला मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. बघू, आत्येला विचारायला हवं, पावसाळा संपू दे. आता एकदाच लिहितो.

आधी, ती पितळी नाही. काशाची आहे.

तुमच्यातल्या निम्म्यांनी तिचे फोटो मोबाइलवर नेलेत, त्यामुळे नवख्यांपुरतं सांगतो. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारने एक गोल पदक पाठवलं, साधारण 12 सेंटिमीटर व्यासाचं. हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई, शेजारी सिंह, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, शिपाई असो की कर्नल, नुसतं नाव. अशी 13 लाखांहून जास्त ओतली गेली. त्यातलं एक खेड तालुक्यातल्या आमच्या घरी आलं, कारण पणजोबा 110व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले आणि तुर्कांनी कुत गावाला घातलेल्या वेढ्यातून परतले नाहीत. पणजीने ते देव्हाऱ्यात ठेवलं. तिथेच आहे.

काहींना यात सैनिकाचा अपमान दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने मला सुनावलं, "शहिदाचं पदक तेलातुपात लोळवता!" पणजोबा महिना 11 रुपयांवर गेले होते. कातळावर भात पिकून किती पिकणार. एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत, ही आमच्याकडची रीतच. देशासाठी गेले की पगारासाठी, याचा निवाडा करायला मी बसत नाही. पण 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत कुतमध्ये काय झालं ते आधी वाचा. शिधा घटत गेला, घोडे कापले गेले, हिंदी शिपाई कितीतरी दिवस ते मांस तोंडाला लावेनात, आणि स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, त्यांनाच जास्त गाठलं. मग माझ्या देव्हाऱ्यातल्या तेलाबद्दल बोलू.

मी संग्रहालयांच्या विरोधात आहे असंही काहींनी पसरवलंय. कारवारच्या किनाऱ्यावरची आयएनएस चपल ही युद्धनौका मी पाहिली आहे, बोगमाळोला नौदलाची विमानं पाहिली आहेत. मुलांना दाखवावं असंच आहे ते. पण "संग्रहालयात कसं कायमचं सुरक्षित राहतं" हे मला ऐकवू नका. 1971 च्या युद्धातली विक्रांत 2001 पासून 2012 पर्यंत मुंबईत संग्रहालयच होती. 2014 मध्ये ती मोडीत निघाली आणि तिच्या पोलादाचा अंश घातलेल्या मोटारसायकली बाजारात आल्या. मेसोपोटेमियात मेलेल्यांचं इराकमधलं बसऱ्याचं युद्धस्मारकसुद्धा 1997 मध्ये जागेवरून उचलून दूर वाळवंटात नेलं. अर्थात, अख्खी विमानवाहू नौका सांभाळणं परवडलं नाही म्हणून माझी चकतीही कोणी मोडीत घालेल असं होत नाही, एवढं मलाही कळतं.

बसऱ्याचं निघालंच आहे तर सांगतो. त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांचा आकडा आहे. आपल्या इकडच्या गावांत संगमरवरी पाट्या दिसतात, या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. तिथेही आकडाच. सगळ्यांनाच काही दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या माणगावच्या यशवंत घाडगेंसारखा पुतळा मिळत नाही. आमच्या माणसाचं नाव कुठे उमटलं असेल तर ते या चकतीवर.

आणि ते झिजतंय.

काही वर्षांपूर्वी मी ती द्यायला निघालो होतो, हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाशी पत्रव्यवहार झाला होता. आत्ये हट्टाने बरोबर आली. चकती तिने फडक्यात बांधून मांडीवर धरली होती, पूर्ण प्रवासात माझ्या हातात दिली नाही. तिथले अधिकारी तरुण होते, अदबीने बोलणारे. त्यांनी हातमोजे घातले, भिंग लावलं.

"हे खाचांमधलं लाल काय आहे?"

"कुंकू," मी म्हणालो.

"आडनावाची शेवटची तीन अक्षरं गेलीत. कशाने घासता?"

"आमसुलान," आत्ये म्हणाली. "नायतर चिच. दर दसऱ्याला."

ते रागावले नाहीत. आंबट आणि मीठ काशाला कसं खातं, उठावाची अक्षरं आधी कशी जातात, हे त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. असंच चाललं तर तुमच्या नातवंडांना नाव वाचता येणार नाही, म्हणाले. आमच्याकडे हवेतला दमटपणा मोजून ठेवतात, काचेत राहील. मी विचारलं, कायम मांडलेली असेल का? तर नाही, अशी काही पदकं त्यांच्याकडे आधीच होती, ती आळीपाळीने बाहेर काढतात.

"आनी दसऱ्याला?" आत्येने विचारलं.

"दसऱ्याला बंद असतं, आजी. सुट्टी."

आत्ये काहीच बोलली नाही. तिची समजूत काढावी म्हणून असेल, ते पुढे म्हणाले, "आजी, खरं सांगायचं तर ही देवी नाहीच. ब्रिटानिया म्हणतात हिला. इंग्रजी राज्याचं चिन्ह."

मी खाली बघायला लागलो. मला हे कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. घरात कधी बोललो नव्हतो. ऐंशीच्या घरातल्या बाईला, तुझ्या आजीने आयुष्यभर परक्या सरकारचा शिक्का पुजला, हे कशाला सांगायचं?

"म्हायती हाय," आत्ये म्हणाली. "गोऱ्यांची बाय हाय ती. देवी शिंव्हावर बसते, ही बाजूला उबी हाय. यवडं दिसतं माला."

मग चकती फडक्यात गुंडाळता गुंडाळता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आजी म्हनायची, हिनं माजा मानूस नेलान, आता हिनंच माजी प्वारं बगायची. हिला सोडायची न्हाय. सवताच्या कपाळाला कुकू न्हवतं, हिला लावायची."

त्यांनी आम्हाला चहा दिला. यापुढे निदान कोरड्या मऊ कापडानेच पुसा, असं सांगितलं. परतीच्या एसटीत आत्ये वडापाव किती महाग झालाय यावर बोलत होती.

तर हे कारण. "मग प्रश्न मिटला" असं म्हणू नका, कारण माझा मिटलेला नाही. पत्रव्यवहार करणारा तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, नाव पणजोबांचं आहे, वसुली पणजीची होती. पोरं वाढली, नातवंडं पेन्शनीत गेली, आता कसली वसुली? तिच्या हट्टापायी त्याचं नाव पुसू देणार का? मी त्याला म्हणतो, काचेखालच्या पाटीवर पलटण येईल, वेढा येईल, साल येईल. पणजी कुठे येईल? आली तरी "स्थानिक श्रद्धा" म्हणून एका ओळीत. यावर तो म्हणतो, त्या अधिकाऱ्यांना तू विचारलंस का? लिहिलंही असतं त्यांनी. मी विचारलं नव्हतं. अजूनही पत्र टाकलेलं नाही.

सैनिकाचा मान राखायचा तर घरी राहिलेल्या बाईचं काय करायचं, हे मला कुठल्याच संग्रहालयात मांडलेलं दिसलं नाही. देव्हाऱ्यात मांडलेलं दिसतं, पण तिथे सैनिकाचं नाव जातंय. दोन्ही एकाच वेळी सांभाळता येईल असं कोणी सांगत असेल तर त्याने चकतीचा साचा काढून दाखवावा आणि मग दोन्हींपैकी खरी कुठे ठेवायची तेही सांगावं.

सध्या एवढंच केलंय की कागद ठेवून पेन्सिलीने नाव उमटवून घेतलं आणि कोरड्या कापडाची सक्ती केली. गेल्या दसऱ्याला बायकोने तरी आमसूलच घेतलं. आत्ये खाटेवरून बघत होती, तिच्यासमोर कापड कसं दाखवणार, असं बायकोचं म्हणणं.

मुलगी म्हणते, तुमच्यानंतर मी देऊन टाकेन. मी "दे" म्हणालो, आणि दोन दिवसांनी फोन करून "विचार करून दे" म्हणालो. ती वैतागली.

तोवर कोणाला यायचं असेल त्याने जरूर यावं, चकती हातात घेऊन बघावी. फक्त कितीला जाईल ते विचारू नका, आणि ब्रिटानिया म्हणजे काय ते आत्येला समजावायला बसू नका.