ढोल वाढवला की शब्द का बुडतात?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक असाच येतो: ब्राझीलच्या ‘नासांव झुंबी’ या बँडसारखं ढोल आणि रॅप एकत्र करायला गेलो की नुसता गदारोळ होतो, शब्द कळत नाहीत, त्यांना कसं जमतं?

त्यांनी ड्रमसेटच्या जोडीला ढोल आणले नाहीत. ड्रमसेटच्या जागी ढोल आणले. सगळी मेख इथे आहे.

१९९१ च्या सुमारास रेसिफे-ओलिंदा भागात शिको सायन्स या गायकाने ‘लूस्ताल’ हा रॉक बँड आणि ‘लामेन्तो नेग्रो’ हा तालवाद्यांचा गट एकत्र आणला. नावातला ‘नासांव’ म्हणजे राष्ट्र. माराकातू ही तिथली ढोलांच्या मिरवणुकीची परंपरा, आणि तिचे गट स्वतःला तेच म्हणवतात. (गोव्यातल्या वाचकांना ‘कोन्सेसांव’मुळे उच्चार सोपा जाईल.) झुंबी हा पाल्मारिसचा, गुलामीतून निसटलेल्या लोकांच्या वसाहतीचा, नेता. १६९५ मध्ये तो मारला गेला. ‘झॉम्बी’ या भुताशी संबंध नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं.

माराकातूचा ढोल म्हणजे अल्फाया: लाकडी अंग, बकऱ्याचं कातडं, दोरीचा ताण. आपल्या ढोलावर एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला टिपरू. अल्फायावर दोन्ही काठ्या एकाच पानावर (ताणलेल्या कातड्यावर) पडतात, उजवी जाड, डावी हलकी. त्यामुळे आवाज जाड आणि गोल येतो, टोकदार नाही. म्हणूनच अल्फायाऐवजी ढोल-ताशा लावून पाहणाऱ्यांचं बिनसतं. टिपरूचा कडक फटका आणि अख्खा ताशा साधारण २ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये बोलतो, आणि ‘त, क, च’सारखे वर्णही बरेचसे तिथेच ऐकू येतात. शब्द ढोलाच्या घुमण्यात क्वचितच बुडतात, बुडवतो तो ताशा. रॅप सुरू असताना ताशा थांबवा किंवा काठावर हलका ठेवा, आणि ओळ संपली की मोकळा सोडा. टिपरूला कापड गुंडाळलं तरी बराच फरक पडतो.

खालच्या पट्टीत भांडण वेगळं. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झची आणि मोठ्या ढोलाचा घुमाराही खालच्याच पट्टीत. दोघं एकाच मात्रेवर ठोकत राहिले की दोघंही चिखल होतात. ढोलाला ठोका द्या, बासला मधल्या जागा द्या. गायकाच्या माइकवर १०० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका. तिथे त्याचं फारसं काही नसतं, शेजारच्या ढोलाचा घुमारा मात्र शिरतो. ढोलाच्या दोन्ही बाजूंना माइक लावलेत तर एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) मिक्सरवर उलटी करून ऐका. घुमारा एकदम भरून आला, तर आधी दोन माइक एकमेकांना खात होते असं समजा.

दमट हवेत कातडं ढिलं पडतं आणि आवाज भद्द येतो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी दोऱ्या आवळा, पण एकाच बाजूने ओढू नका. समोरासमोरच्या जोड्या घ्या, नाहीतर पान तिरकं बसतं आणि एका कडेला फुटतं.

आता शब्द. हिप हॉपच्या सोळा बारीक मात्रांत स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतो, आणि नवखा रॅपर त्याच दोन खुंट्यांना ओळ टांगतो. शिकोजवळ त्याशिवाय एम्बोलादा होती: पांडेरू नावाच्या डफाच्या साथीने, श्वास न मोडता, यमकांची लड उडवत गायची ईशान्य ब्राझीलची रीत. ओळ ढोलाच्या ठोक्यावर न आपटता दोन ठोक्यांच्या फटीतून धावते. सराव करताना टाळी नुसती पहिल्या मात्रेवर द्या आणि ओळ दुसऱ्या मात्रेवर सुरू करा. सुरुवातीला जीभ अडखळेल, कारण सवयीने पहिला शब्द टाळीवरच पडायला बघतो.

ऐकायला त्यांचा १९९४ चा ‘दा लामा आव काऑस’ हा अल्बम घ्या. ढोल प्रत्यक्ष कार्यक्रमाइतके जड उतरले नाहीत ही या अल्बमबद्दलची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण शिकायला तोच बरा, कारण थर वेगळे ऐकू येतात. १९९६ च्या ‘आफ्रोसिबेर्देलिया’त पुपिलो या ड्रमरचा ड्रमसेट आला, सेट ठेवूनच काम करायचं असेल तर तो ऐका. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत शिको मोटार अपघातात गेला आणि गाणं ढोल वाजवणाऱ्या जॉर्ज दू पेइशीकडे आलं.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यातून खालचा घुमारा निघतच नाही, नुसती काठीची टकटक येते, आणि मग पुन्हा तोच निरोप येतो की ढोल कुठे आहेत?